पाण्याबरोबर चढणारे कडे

२२ मार्च १९९३ रोजी जगात पहिला जागतिक जल दिन पाळला गेला. वहिनीने नवऱ्याच्या हातून होडीचे वल्हे घेतले ते त्याच वर्षी. महिना कोणता, यावर घरात अजून एकमत नाही. धाकटा दीर मार्चच म्हणतो. वहिनी त्याला ऐकवते, की भावजी, तेव्हा तुम्हाला स्वतःचे दप्तर सापडत नव्हते, माझा महिना कुठून लक्षात राहणार.

हाच दीर पुढे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जलविद्युत केंद्रात लागला. तो वहिनी म्हणे म्हणून सगळा काठ तिला वहिनी म्हणू लागला. वयाने थोरला असलेला शिंपीसुद्धा.

केंद्रातली जनित्रे ठरलेल्या वेळी फिरत. सकाळी सोडलेल्या पाण्याने नदी चढे, ते पाणी दुपारभर टिके आणि संध्याकाळ उलटली की ओसरे. वहिनीने आपला दिवस त्यावरच बेतला होता. दुपारी होडी आखूड दोराने खांबाला करकचून बांधायची आणि काठावर डुलकी काढायची. पुढे नदीच्या उगमाकडच्या उंच डोंगरांतला बर्फ लवकर वितळू लागला, महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळू लागला. धरण कधी तुडुंब, कधी तळाला. जनित्रे अवेळी चालू लागली, अवेळी थांबू लागली. हुकूम दूरच्या शहरातून येई; दीर फक्त बटण दाबी. वहिनीच्या दोराची लांबी मात्र तीच राहिली.

एका दुपारी शिंपी गणवेशांचे गठ्ठे घेऊन लवकर आला आणि बांधलेल्या होडीत बसून राहिला. वहिनीचा डोळा लागला होता. जनित्रे थांबली, पाणी भराभर उतरले. होडीचे नाक दोराला लटकले, शेपूट चिखलात रुतले आणि शिंपी गठ्ठ्यांसकट घसरत मागच्या टोकाला जाऊन बसला. जाग आलेल्या वहिनीला तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, मला पलीकडे जायचं होतं. एवढ्यात वर नाही."

काठ आठवडाभर हसला. पण हसू जलवाहतूक खात्याच्या निरीक्षक बाईंपर्यंतही पोहोचले. त्यांनी बजावले: पाणी चढताना आणि उतरताना बांधलेली होडी सरळ राहते हे दाखवा, नाहीतर परवाना रद्द. परवाना गेला तर लेकीकडे राहायला जाण्यावाचून वहिनीला गत्यंतर नव्हते. लेक-जावई गुणाचे होते. पण पाहुणी म्हणून चार दिवस गेले की हातांना काय काम द्यायचे, हा प्रश्न तिला सतावत होता.

उत्तर मिळाले ते शिंप्याच्या दुकानात. चिखलाने माखलेले गणवेश तिने धुऊन नेऊन दिले, तेव्हा कपडे घालून पाहण्याच्या कोपऱ्यातला पडदा शिंप्याने सर्रकन ओढला. दांडीवर कड्या धावल्या. वहिनीने तो पडदा इतक्या वेळा पुढेमागे केला, की शिंप्याने तिला खुर्ची दिली.

दिराने लोखंडी कडे बनवून आणले. खांबाभोवती ते सैल बसवायचे आणि होडी त्याला बांधायची. पाण्याबरोबर कडेही वरखाली सरकणार. पहिले कडे ओलाव्याने फुगलेल्या लाकडावर अडकले आणि होडीने पुन्हा नाक वर केले. दुसरे त्याने ऐसपैस केले, आणि खांबावर गुळगुळीत पत्रा ठोकला.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने हळूच सुचवले, की वरच्या साहेबांना विचारून पाण्याची वेळ ठरवून घेऊ का.

"भावजी, पेपर फोडून पास व्हायचं वय गेलं आपलं," वहिनी म्हणाली.

निरीक्षक बाई बांधलेल्या होडीत येऊन बसल्या. पाणी ढिम्म हलेना. त्यांनी डबा खाल्ला, वहिनीच्या नातवंडांची चौकशी केली, अखेर पिशवी उचलली. तेवढ्यात पाणी सोडत असल्याचा केंद्राचा भोंगा वाजला. काही वेळाने पाणी चढले, कडे खडखडत वर गेले. बाई पुन्हा बसल्या. दिवस मावळायला आला तेव्हा पाणी ओसरले. कडे खाली आले, आणि होडी पाटासारखी सपाट.

"आता उतरू का?" बाईंनी विचारले.

"पलीकडे सोडते ना," वहिनी म्हणाली. "एवढं बसलात, तर फेरी होऊन जाऊ दे."

परवाना मिळाला, एका वर्षाचा. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, हे ठरलेले नाही. नदीच्या या अवेळी चढउतारात बदललेल्या हवामानाचा वाटा किती आणि शहराच्या विजेच्या वाढत्या मागणीचा किती, हे अद्याप कोणी वेगळे करून पाहिलेले नाही. ते माहीत नाही.