मोहाखालचे जवाईबापू

आमच्या जवाईबापूंच्या हातून आजवर जगातली कुठलीच वस्तू निसटलेली नाही, एक बेसबॉल सोडला तर. विहिरीत घसरत चाललेला मोटारपंप त्यांनी एकट्याने दोराला लोंबकळून थोपवलाय. छपरावरची कवेलू फेरताना एक कवेलू सुटून खाली आलं, ते त्यांनी तोंडातला तंबाखूचा खर्रा न थुंकता, वर न बघता झेललं. आमच्या मायच्या हातून लोणच्याची बरणी पडली तर जमिनीआधी यांचा हात तिथे. पण याच माणसाने हातात चामड्याचा ग्लोव्ह घातला आणि वरून चेंडू आला, की त्या हातांना काय होतं ते देव जाणे. मी आमच्या गावच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. माझी अर्धी हयात त्यांच्या ग्लोव्हमधून सांडली आहे, आणि उरलेली अर्धी सांडायला फार काळ लागेल असं वाटत नाही.

कुरखेड्याजवळच्या आमच्यासारख्या धानाच्या गावात बेसबॉल कुठून आला, असं लोक विचारतात. शाळेवर एक खेळाचे सर आले होते, त्यांनी आणला. सरांची बदली झाली, ग्लोव्ह आणि बॅटी राहिल्या, आणि तेव्हाचे पोट्टे आता बाप झाले तरी खेळणं सुटलं नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी, जवाई, सोयरेधायरे गोळा होतात, रात्री नाटक असतं. आणि आमच्याकडे दिवसा नदीपलीकडच्या गावाशी बेसबॉलची मॅच असते. हलका धान कापून झालेल्या आमच्या बाबांच्या बांदीत, म्हणजे धानाच्या खाचरात, खताच्या पोत्यांत धानाची तणस भरून बेस मांडतात, धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, सारं गाव बसतं, आणि आम्ही हरतो. दर मंडईला हरतो. ज्यांना माझं म्हणणं अतिशयोक्तीचं वाटतं त्यांनी नदीपलीकडे जाऊन विचारावं. तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढे कॅच सोडणाऱ्याला टीममधून काढत का नाही? काढायचं जाऊ द्या, त्यांना कोणी ‘नीट धरा’ एवढंसुद्धा म्हणत नाही. ते गावाचे जवाई आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं स्वतःचं गाव चंद्रपूरकडे होतं. तिथे जमिनीखाली कोळसा निघाला आणि गाव खाणीत गेलं. घर, शेत, मारुतीचं देऊळ, सगळं गेलं, आणि माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. जवाईबापू बहिणीला घेऊन आमच्या गावात आले आणि मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकून राहिले. पण राहिले म्हणजे आमच्या हिशेबी ते पाहुणेच. आमच्या घरी जेवायला आले की अजून पाय धुवायला पाणी, बसायला पाट, पहिलं ताट त्यांचं. मंडईच्या दिवशी तर कहर. शेजारच्या गल्लीत बारा महिने राहणाऱ्या माणसाला म्हातारे विचारतात, “या जवाईबापू, केव्हा आले?” आणि ते बिचारे मान खाली घालून म्हणतात, “आत्ताच आलो जी.” मग त्यांना दुपट्टा-टोपी देतात.

पाहुण्याला उन्हात उभं करायचं नसतं. आमच्या मैदानात सावली एकाच ठिकाणी आहे, मागे मधोमध, जुन्या मोहाच्या झाडाखाली. बेसबॉलमध्ये ही जागा सगळ्यात चपळ गड्याची, कारण मोठे फटके तिकडेच जातात. आम्ही तिथे जवाईबापूंना उभं करतो. का? तर सावली आहे. एवढ्यावर भागलं असतं तरी मी तोंड दाबून सोसलं असतं. पण आमची माय त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवते, खुर्चीच्या पायाशी पाण्याचा तांब्या ठेवते. एकदा उंच चेंडू आला, जवाईबापू मागे मागे सरकले, खुर्चीत बसले, आणि चेंडू तांब्यावर आदळून पुढे निघून गेला. दुसऱ्या एका मंडईला चालू इनिंगमध्ये आमची चुलतबहीण त्यांना चहा द्यायला गेली. चेंडू हवेत, आणि यांच्या एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्यात कपबशी. त्यांनी एका पायावर गिरकी घेऊन चहा वाचवला. थेंब सांडला नाही. चेंडू पायाजवळ पडला. धुऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, “वा जवाईबापू, कपबशी नाई फुटू दिली!” मी पिचरच्या जागेवर खाली बसलो, मातीत बोटाने रेघोट्या ओढल्या आणि पुन्हा उभा राहिलो. काय करणार?

चैत्रातली प्रॅक्टिस तर विचारूच नका. मोह पडायचे दिवस, झाडाखाली पिवळा सडा, आणि त्यात उभे हे. त्यांच्या आईबापांनी जन्मभर मोह वेचला. पायाखाली मोह असताना सरळ उभं राहणं त्यांच्या अंगातच नाही. मी चेंडू टाकला, फटका बसला, मी ओरडलो, “जवाईबापू, तुमचा!” त्यांनी मान वर केली, ग्लोव्ह पुढे धरला, चेंडू अगदी ग्लोव्हवर आला आणि उसळून बाहेर पडला. ग्लोव्ह मोहफुलांनी काठोकाठ भरला होता. “एवढा मोह पडून राह्यला भाऊ,” ते म्हणाले, “तुडवू कसा?” मी म्हटलं, “बरोबर आहे जी.” आणि घरी येऊन आमच्या बायकोवर विनाकारण खेकसलो.

नदीपलीकडचे लोक तर त्यांच्यावर जीव टाकतात. मंडईच्या सकाळी त्यांचा कॅप्टन आधी मोहाच्या झाडाकडे बघतो आणि विचारतो, “जवाईबापू दिसून नाई राह्यले? तब्येत-पाणी बरं आहे ना?” त्यांच्या जिवाची एवढी काळजी आमच्या बहिणीलाही नसेल.

एके वर्षी मॅच हरल्यावर आम्ही दोघं पोती गोळा करत होतो. अचानक जवाईबापू म्हणाले, “भाऊ, एक विचारू? तुम्ही त्या फर्स्ट बेसवाल्याले आज केवढं झाडलं. त्याचा एकच बॉल सुटला. माह्या हातून तीन सुटले. मले काऊन नाई बोलत?”

“तुम्ही जवाई,” मी म्हटलं. “तुम्हाला कसं बोलावं?”

“माह्या गावात मले सारे बोलत,” ते म्हणाले. “चौकातून निघालो का एक तरी म्हातारा शिवी देई. आता ते गावच नाई. आन् इथी मले कोणी शिवी देत नाई. पाव्हणा म्हणून किती दिवस राहू, भाऊ?” पोत्यातली तणस झटकत ते असं काही हसले, की मला तिथल्या तिथे त्यांना एक सणसणीत शिवी द्यावीशी वाटली. पण तोंड उघडलं तर बाहेर आलं, “चला जी, जेवायला.” सवय वाईट हो.

आणि मग ती मॅच. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने पुढे. हो, आम्ही पुढे! त्यांचा एक आऊट झालेला, आणखी दोन हवे होते, आणि त्यांचे दोन गडी बेसवर टपून बसलेले. मी चेंडू टाकला. फटका असा बसला की चेंडू आभाळात बारीक झाला आणि सरळ मोहाकडे निघाला. मी डोळे मिटले. बघायचं काय त्यात? पण धुऱ्यावरून आरोळी उठली, डोळे उघडले, तर चेंडू जवाईबापूंच्या ग्लोव्हमध्ये. आयुष्यातला पहिला कॅच!

क्रिकेटमध्ये कॅच झाला की बाकीच्यांनी धावून उपयोग नसतो. बेसबॉलमध्ये मात्र बेसवरचा गडी कॅच झाल्याबरोबर धावत सुटू शकतो, म्हणून चेंडू लगेच फेकायचा असतो. आमचे जवाईबापू त्यांच्या जुन्या गावात क्रिकेट खेळलेले. त्यांच्या मते आता कोणी धावणार नव्हतं, गाव जिंकल्यातच जमा. ते चेंडू घेऊन चालत, अगदी सावकाश, धुऱ्यावर बसलेल्या आमच्या बाबांकडे गेले, चेंडू त्यांच्या पायाशी ठेवला आणि वाकून पाया पडले. नदीपलीकडचा पहिला गडी होमला, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला. बरोबरी. दुसरा निघाला. आम्ही आठही जण घसा फाडून ओरडत होतो, “जवाईबापू! अहो जवाईबापू! जरा फेकता का जी!”

तेव्हा आमचे बाबा उठले. ज्यांनी लग्नापासून जवायाशी ‘जेवले का’ आणि ‘बसा’ यापलीकडे शब्द काढला नव्हता, ते बाबा. काठी आपटून ते गरजले, “अबे भैताडा! पाया काय पडून राह्यला बे! फेक ना तो बॉल!”

जवाईबापूंनी मान वर केली. चेंडू हाताशीच होता. उचलून फेकला असता तर दुसरा गडी सापडत होता, आईशप्पथ सापडत होता. पण ते तसेच उकिडवे बसून बाबांकडे बघत म्हणाले, “मले म्हणलं का बाबा?”

“तुले नाई तं काय ढोराले म्हणलं? फेक बे!”

आणि हा माणूस हसत बसला. तोंडभर, डोळ्यांतून पाणी वाहेस्तोवर. दुसरा गडी आरामात चालत होमला पोचला आणि आम्ही हरलो.

घरी माय बाबांवर तुटून पडली. “मंडईत, चार गावांच्या लोकायपुढे जवायाले भैताड म्हणते का कोणी?” बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, जेवायला उठेनात. मला म्हणाले, “नारळ घेऊन जा, त्यायची माफी माग.” मी नारळ शोधत होतो तेवढ्यात जवाईबापू स्वतःच आत आले. मायने घाईघाईने पाट मांडला. त्यांनी तो पायाने बाजूला सारला आणि बाबांच्या शेजारी खाली जमिनीवर बसले. “भैताडाले पाट कायले?” ते म्हणाले. “माय, वाढा. भूक लागून राह्यली.” मायने दोघांचीही ताटं वाढली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, नुसता आपल्या ताटातला वडा उचलून त्यांच्या ताटात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गावाचा बांध फुटला. पानठेल्यावर, पंपावर, शाळेपाशी, जो तो त्यांना बोलू लागला. मीही इतक्या वर्षांची उधारी फेडली. चहावरून बोललो, मोहावरून बोललो. ते मान खाली घालून ऐकत, आणि मी थांबलो की हळूच आठवण देत, “आन् ते खुर्चीवाली मॅच, भाऊ?”

पुढच्या मंडईला त्यांनी दुपट्टा-टोपी घेतली नाही. उलट आधी महिनाभर फोन करून त्यांनी आपल्या जुन्या गावची पांगलेली माणसं शोधली. “आमच्या गावची मंडई आहे, या,” असं सांगत होते. आली ती. कोणी नागभीडहून, कोणी थेट आलापल्लीहून. हे सकाळपासून फाट्यावर उभे. प्रत्येकाच्या पायावर पाणी घातलं, प्रत्येकाला टोपी दिली. आणि मॅचला त्यांतल्या एकाला, लहानपणच्या दोस्ताला, मोहाखाली उभं केलं. शेजारी खुर्ची स्वतः नेऊन ठेवली. आपण उन्हात.

पहिलाच मोठा फटका मोहाकडे गेला. पाहुण्याने दोन्ही हात वर केले आणि चेंडू त्याच्या डोक्यामागे पडला. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं, तर उन्हातून जवाईबापू ओरडले, “भाऊ! पाव्हणे आहेत आपले!”

मी चेंडू परत मागितला. पुढच्या चेंडूला जवाईबापूंनी स्वतःच सोपा चेंडू पायांमधून सोडला, तो सगळा राग मी त्यांच्यावर काढला, धुऱ्यावरून बाबांनी काढला, फर्स्ट बेसवाल्यानेही काढून घेतला. मॅच हरलो, हे सांगायची गरज नाही.

पोती गोळा करताना तो पाहुणा माझ्याजवळ आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. दूर जवाईबापूंना कोणीतरी अजून झापत होतं आणि ते हसत होते. पाहुणा तिकडे बघत होता.

“नशीबवान आहे बाप्पा,” तो म्हणाला. “मले तं एक शब्द नाई बोललं कोणी.”

माझ्या जिभेवर एक शिवी आली होती. चांगली होती. पण तो मंडईचा पाहुणा, त्याला कसं बोलणार? मी म्हटलं, “चला जी, जेवायला.”