डावीकडची मोठी चाकं

"जोडी नको म्हणतो न मी तुले, तरी जोडीच दाखवून राह्यला. दोन मोठी दे, दोन लहान दे!"

थोरले काका कारंज्याच्या जुन्या टायरांच्या वखारीत असे ओरडत होते की पलीकडे कापूसबाजारातले बैल रवंथ करायचे थांबले.

"भाऊ," वखारवाला म्हणाला, "गाडीले चारी चाकं सारखीच लागतात."

"तुझ्या कारंज्यात लागत असतीन. आमचा रस्ता पाह्यला काय तू?"

आमची पिकप दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. काकांनी ती लिलावात घेतली तेव्हा तिची चाकं आधीच कोणीतरी पळवली होती. तेव्हापासून ती गोठ्यात चार दगडांवर बसून होती. कोंबड्या तिच्या इंजिनात अंडी घालत, आणि इंजिन इतकं ऊबदार की एकदा पिल्लं पेट्रोलच्या वासाची निघाली. पण आता काकांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या ताईचं, लग्न परवावर आलं होतं. सासर इंझोरीचं. आमच्या आसेगावच्या विहिरीवर येणाऱ्या झाडून साऱ्या पोरींना ताईनं सांगून ठेवलं होतं की मी मोटारीत बसून सासरी जाणार. ते इंझोरीला कळलं आणि व्याह्यांचा निरोप आला, मोटारीचं नाटक नको, वाटेत कलंडली तर नवरी चिखलातून उचलावी लागेल, आम्ही छकडा पाठवतो.

"छकड्यात माहं गाठोडं जाईन," ताई म्हणाली, "मी नाई." आणि ताटावरून उठली.

व्याही बोलले त्यात खोटं काही नव्हतं. ती वाट सगळी टेकडीच्या उतारावरून आडवी जायची. इंझोरीकडे निघालं की डावी बाजू खालची, त्यामुळे बैलगाड्यांचा भार पिढ्यान् पिढ्या डावीकडे पडलेला. उजवी चाकोरी केसांतल्या भांगासारखी, आणि डावी इतकी खोल की तिच्यातून कोल्हा चालला तर नुसते कान दिसायचे. त्या गाड्यांत बसून बसून आमच्या गावची माणसं उभी राहिली तरी एका अंगाला वाकलेली दिसत.

काकांनी सकाळीच ती वाट चालून दोन्ही चाकोऱ्यांची खोली मोजली होती आणि काठीवर दोन खुणा कोरल्या होत्या. आता ते एकेक टायर काठीला लावून पाहत होते. माप जुळलं की पुढची तपासणी बैलाची. आधी दात, म्हणजे टायरावरच्या खाचा, बोटानं चाचपायचे, मग पाठीवर थाप मारायची, आणि शेवटी, "चालवून दाखव." चालवायचं काम माझं. एक मोठा टायर माझ्या हातून सुटला तो उतारानं बाजारात शिरला, भज्यांच्या कढईला वळसा घालून गेला आणि धान्याच्या पोत्याला टेकून उभा राहिला.

"हाच पाह्यजे," काका म्हणाले. "अंगात पानी हाय."

गाडी जुळवायला बरोबर घेतलेल्या मिस्त्रीचा चेहरा पडला होता. "काका, अशानं गाडी लंगडी होईन."

"रस्ताच लंगडा हाय, मिस्त्री. मी तिले त्याच्या जोडीची करून राह्यलो."

दोन मोठी चाकं डावीकडे आणि दोन लहान उजवीकडे लावून पिकप अंगणात उभी केली, तेव्हा ती कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीसारखी उजवीकडे कान देऊन उभी राहिली. मांडवातली माणसं जेवण सोडून हसायला आली. ताई मात्र हसली नाही. ती चाकांभोवती फिरली, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मले याच्यातच बसवजा."

पाठवणीच्या वेळी काका काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून मिस्त्रीशेजारी बसले. मिस्त्रीनं गाडी वेशीबाहेर काढली आणि चाकं चाकोऱ्यांत उतरली. मी मागे ताईच्या ट्रंकेवर बसलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गाडी सरळ झाली. अशी सरळ की आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवर माझी पाठ ताठ झाली. काकांनी उतरून तांब्या बॉनेटवर ठेवला, तो हलला नाही. वाटेत तांब्यावर चिमणी येऊन पाणी पिऊन गेली, गाडी चालू आहे हे तिला कळलंच नाही.

इंझोरीत सारं गाव रस्त्यावर. छकड्याचा निरोप धाडणारे व्याही गाडीवरून हात फिरवत राहिले. ताई उतरली, बॉनेटवरचा तांब्या उचलला आणि सासऱ्याच्या हातात दिला. "घ्या मामंजी, आसेगावचं पानी." एवढंच बोलली. काकांनी नाक शिंकरलं.

मग आम्ही परत निघालो. मिस्त्रीनं गाडीचं तोंड आसेगावकडे वळवलं, चाकं चाकोऱ्यांत उतरली आणि काका घसरत मिस्त्रीच्या मांडीवर आले. मिस्त्री अर्धा खिडकीबाहेर. मागे आता धरायला ट्रंकही नव्हती, मी तर थेट तुरीच्या शेतात.

खोल चाकोरी आता उजवीकडे होती. लेकीला पोचवायची वाट काकांनी बोटाबोटानं मोजली होती, पण परत यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तुरीतून उठून गाडीशी आलो.

"आता?" मिस्त्री खिडकीतून म्हणाला.

"तोंड फिरवा इंझोरीकडं," काका म्हणाले. "आन मांगं मांगं घ्या."

असे आम्ही आसेगावपर्यंत उलटे आलो. मी मागे उभा राहून वाट सांगत होतो. काकांची मान शेवटपर्यंत समोर, इंझोरीकडे. गाडी पार्श्वभाग पुढे करून वेशीत शिरली तेव्हा पारावर अख्खं गाव जमलं होतं.

"काहो," शेजाऱ्यानं विचारलं, "उलटे काहून आले?"

काका उतरले, पागोटं झटकलं.

"पोरीकडं पाठ करून यावं वाटलं नाई."