आत्याचा आवाज आणि माझी कात्री

घशाच्या ऑपरेशनच्या थोडे दिवस आधी आत्याने मला डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, करून दाखवली आणि मी ते सगळं फोनवर टिपलं. ऑपरेशन नीट झालं, आत्या वाचली, पण आवाज गेला. आता ती फक्त कुजबुजते.

पुढे माझ्या मुलाचं लग्न पुण्याच्या मुलीशी ठरलं. तिला ती पच्चडी शिकायची हौस. व्हिडिओ नीटनेटका कापून पाठवते, असं मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं. आत्याने माझ्या कानाशी येऊन अट घातली, "तमिळ शब्द सगळे काढ गे. नव्या सुनेला हसूं येईल."

आता तंजावरच्या आमच्या मराठी घरात मोहरीला कडुगु, दह्याला तैरु आणि पळीला करंडीच म्हणतात. मी आज्ञाधारकपणे एकेक शब्द उडवला, सेव्ह केलं आणि लावून पाहिलं. पडद्यावरची आत्या सांगत होती, "तेल तापलें की घाल. तडतडलें की त्यांत ओत." काय घालायचं, कशात ओतायचं, देव जाणे!

मी खो खो हसले. मग एकदम आठवलं की जागा होत नाही म्हणून व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन फोनमधलं मूळ मी केव्हाच पुसून टाकलंय. आत्याचा धड आवाज जगात तेवढाच उरला होता आणि मी त्याचे तुकडे करून बसले होते.

एडिटिंग शिकायला हवं होतं ते असं उलट्या क्रमाने शिकायला बसले. इंटरनेटवर मदतीला तोटा नाही. एक पोरगा इंग्रजीत इतका भरभर बोलत होता की त्याचंच बोलणं कापावंसं वाटलं. एका जाड पुस्तकात सिद्धान्तच संपेनात. कुठलं बटण काय करतं ते सगळे सांगत होते. घाबरलेल्या बाईला आधी काय सांगावं, हे कोणाला सुचलं नव्हतं.

शेवटी तमिळमधले धडे सापडले. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सावकाश बोलणाऱ्या. पहिल्याच धड्यात म्हणाल्या, "कापलेलं कुठे जात नाही. मूळ फाइल जागच्या जागी असते. कुठला भाग दाखवायचा, तेवढंच हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. तुकड्याची कड धरा आणि ओढा."

मी कड धरली. ओढली.

"कडुगु," आत्या खणखणीत म्हणाली.

मी ओरडलेच. इतकं हलकं मला मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं. एकेक कड ओढत तैरु आणला, करंडी आणली. दुसऱ्या धड्यात अक्षरं टाकायला शिकले आणि पडद्याच्या तळाशी सुनेसाठी मोहरी, दही, पळी असं लिहिलं.

माझ्या ओरडण्याने आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. ती खुर्ची ओढून बसली. पडद्यावर तिचा जुना आवाज चालला होता आणि इकडे तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"तमिळ काढायचं ना परत?" मी मुद्दाम विचारलं.

तिने माझा हात घट्ट धरला. "एक अक्षर काढूं नको," ती कुजबुजली. "पुन्हा लाव."