मठ्ठ्याची बादली

"मॅडम, दादा नसंल तर कान कोण पिळणार?"

दत्ताची बहीण राणी लग्नपत्रिका घेऊन माझ्या ऑफिसात उभी होती. अकलूजहून सकाळच्या एसटीने एकटीच आली होती. आमच्याकडच्या लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरा त्याला कपडे देतो. राणीला सख्खा भाऊ एकच, आणि तो माझ्या ताब्यात होता.

मी सोलापुरात सोबर हाउस चालवते. दारू सोडवण्याच्या केंद्रातून बाहेर पडलेला माणूस थेट घरी गेला, की बऱ्याचदा आठवड्याभरात जुन्या कट्ट्यावर सापडतो. म्हणून मधले काही महिने त्याने आमच्याकडे राहायचं. दाराला कुलूप नाही. दिवसा काम, संध्याकाळी मीटिंग, स्वयंपाक आळीपाळीने. प्रत्येकाला एक मेंटॉर असतो, म्हणजे बरीच वर्षं न प्यालेला आणि सगळ्या सबबी स्वतः वापरून झालेला माणूस. त्यात माझा एक नियम होता: पहिल्या नव्वद दिवसांत लग्नाला सुट्टी नाही. आमची माणसं लग्नात जितकी घसरली, तितकी बारमध्येही घसरली नसतील.

लग्नाच्या दिवशी दत्ताचे एकसष्ट दिवस होणार होते.

"नाही म्हणजे नाही," मी म्हटलं.

"मॅडम, साखरपुड्यात दादानं पिऊन मोटरसायकल मांडवाच्या खांबावर घातली. तवापास्नं अण्णा त्याचं नाव काढत न्हाईत. लई इनवण्या केल्या, तवा म्हनले, येऊ दे. पर वास आला तर मांडवातनं हाकलीन, पुन्ना उंबरा शिवू देणार न्हाय. आता तुमी सोडलं न्हाय तर अण्णा म्हनतील, बघ, यायची सुदा धमक न्हाय."

दत्ता दारात मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याचे मेंटॉर, नरसय्या मामा. मामा पूर्वी चादरीच्या मागावर कामाला होते. घरात तेलुगू, बाहेर पक्की सोलापुरी मराठी.

"मी जातो की संगट," मामा म्हणाले.

"जाल. पण वरातीत त्याला धरून कसे ठेवाल?"

"वरातीत कशाला? पंगतीत वाढायला लावतो. मठ्ठ्याची बादली देतो हातात. वाढणाऱ्याला कोण ग्लास देतंय मॅडम? समदे मागायलाच बसलेले असतेत."

मी चिडले. शेवटी सुट्टी दिली आणि पहाऱ्याला स्वतःही गेले. पर्समध्ये फुंकायचं यंत्र टाकलं. त्यात फुंकर मारली की माणूस प्यालाय का ते आकड्यात कळतं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. एकीकडे जेवणं आणि दुसरीकडे राहिलेले विधी, दोन्ही बरोबरच चाललं होतं. मांडवामागे गाड्या लावल्या होत्या आणि गाड्यांच्या आडोशाला काय चाललं होतं ते सांगायला नको. तिकडून हाक आली, "दत्त्या, ये की! भनीचं लगीन हाय, एक घोट तरी!"

दत्ताने बादली वर करून दाखवली. "पंगत खोळंबलीय!"

लग्नात या कारणावर कुणी वाद घालत नाही. तीन वेळा बोलावणं आलं, तीन वेळा पंगत खोळंबली. मामांची अक्कल मी मनातल्या मनात मान्य केली आणि जिलेबी घेतली.

चौथ्या पंगतीला बादली खांबापाशी रिकामी पडलेली दिसली. दत्ता नाही. मामाही नाहीत. जिलेबी तशीच टाकून मी मांडवामागे धावले. आता दोघांनाही एकदमच हाकलते, असं ठरवूनच धावले.

गाड्यांच्या आडोशाला पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ वाकून एकेका जीपच्या काचेतून आत बघत होते. ते अण्णा, दत्ताचे वडील.

"कुणाला शोधताय?" मी विचारलं.

"पोराला. तुमी?"

"त्यालाच."

दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. तिथे पिणारे होते, पण दत्ता नव्हता. त्यांच्यातलाच एक म्हणाला, "दत्त्या? त्यो तिकडं आचाऱ्याकडं गेलाय की."

चुलाणाच्या मागे मोठ्या पातेल्यावर दत्ता वाकलेला होता. बाह्या दुमडलेल्या, हातांना कोपरापर्यंत कोथिंबीर चिकटलेली. पूर्वी तो डेअरीची गाडी चालवायचा. तिथल्या जुन्या दोस्ताला फोन करून त्याने दह्याचे दोन कॅन मागवले होते आणि जीव खाऊन घुसळत होता. शेजारी मामा मिरच्या चिरत होते आणि डोळे पुसत होते.

मला बघून दत्ता घाबरला. "मॅडम, मठ्ठा संपला हुता. नवरदेवाकडची मानसं बसल्यात. अण्णांची लाज गेली असती."

अण्णा माझ्या मागेच उभे आहेत, हे त्याला दिसलं नव्हतं.

मी पर्समध्ये हात घातला. "ऱ्हाऊ द्या ते," अण्णा म्हणाले. ते पुढे झाले, पोराच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि एक लांब श्वास घेतला. मी माझा रोखून धरला होता.

"कोथमिरीचा वास येतोय," अण्णा म्हणाले. "हात धू. भटजी कवाधरनं वाट बघत्यात."

दत्ताने नवऱ्याचा कान असा पिळला, की तो खरोखर ओरडला. सगळा मांडव हसला. राणी तर सर्वांत मोठ्याने. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या आणि भटजींनी माझ्याकडे रागाने बघितलं.

नव्वद दिवसांचा नियम अजून भिंतीवर आहे. खाली मामांच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'वाढपी म्हणून जाणार असल्यास विचार होईल.' आमचा माणूस नजरेआड झाला, की मी अजूनही आधी गाड्यांमागेच धावते. कामच तसं आहे. फक्त आता जाता जाता आचाऱ्याकडे डोकावते.