सात धावा कमी पडलेला सामना

त्या दुपारी वर्गाच्या दारात गोपशेठ उभे दिसले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीत त्यांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे; शर्टावर निळे धागे तसेच होते. आमच्या कॉलेजात ते कधी आले नव्हते. "चल बेटा, मांजर्लीला जायचंय," एवढंच म्हणाले. बदलापूर येईपर्यंत रिक्षात ते शर्टावरचे धागे वेचत राहिले... मांजर्लीत राहणारा माझा दामूमामा सकाळीच वारला होता.

याला आता दीड महिना झाला. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत दिवसभर उभा राहिला तो मामाच. निदान त्याच्याबद्दल तरी मला लिहिता यावं, असं वाटतं.

मामा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात होता. स्वतः फारसा खेळला नाही; पण रविवारी मैदानावर कुणाचाही सामना असो, स्कोअर लिहायला मामाच. रणजीच्या सामन्यांसाठी त्याची वेगळी वही होती. पेपरातला धावफलक तो नुसता उतरवून घ्यायचा नाही, आधी तपासायचा. फलंदाजांच्या आणि अवांतर धावा एका बाजूला, गोलंदाजांनी दिलेल्या आणि त्यांच्या नावावर न लागणाऱ्या बाय-लेगबायच्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय पानाला शाई लागायची नाही. गोपशेठ त्याचे जुने दोस्त. ते चिडवायचे की पेपरवाल्यांनी तुला पगार द्यायला पाहिजे. मग दोघं वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या झेलावरून भांडत बसायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच झेलावरून.

मामाच्या किडन्या बिघडल्या, बारीक अक्षर दिसेनासं झालं आणि वही माझ्याकडे आली. मी कॉलेजच्या लायब्ररीत धावफलक उतरवून संध्याकाळी मांजर्लीला न्यायचे. मी वाचायचे, तो डोळे मिटून ऐकायचा. त्याच हिवाळ्यात मुंबई पेटली आणि सामने पुढे ढकलले गेले. त्याला त्रास होईल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून घरात दंगलीचं नाव कुणी काढत नव्हतं. मामा मात्र रोज विचारायचा, मुंबईचं काय झालं? दोन दिवस मी काहीबाही सांगून टाळलं. तिसऱ्या दिवशी टाळवेना. मी एक अख्खा सामनाच रचला... मुंबईचे दोनशे चौतीस, एकाचं शतकसुद्धा. दुसऱ्या संध्याकाळी त्याने गोलंदाजांचे आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मला वाटलं, रमलाय.

रविवारी गोपशेठ भेटायला आले. मामा त्यांना शतकाचं सांगायला लागला, तर ते म्हणाले, "अडे, कसली मॅच? मैदानाला कुलूप आहे, साईं."

मामा म्हणाला, "मला ठाऊक आहे. हिच्या मॅचमध्ये गोलंदाजांच्या बाजूला सात रन कमी पडतात."

गोपशेठ पोट धरून हसले. मला मान वर करवेना. मामाने मला जवळ बसवलं. "मला बरं वाटावं म्हणून केलंस, ते कळलं गं. पण खोट्याने बरं वाटलं असतं, तर डॉक्टर कशाला लागला असता? झाला नाही, तर 'झाला नाही' असं लिही."

मी तसं लिहिलं. आणि नंतर तिकडे गेलेच नाही... चाचणी परीक्षा आहे, असा निरोप पाठवला. परीक्षा होती, पण खरं कारण ते नव्हतं. पंधरा दिवसांनी गोपशेठ वर्गाच्या दारात आले. नंतर मामीने सांगितलं, की मामा रोज संध्याकाळी दाराकडे बघायचा आणि म्हणायचा, सात रनांसाठी रुसली पोरगी.

मागच्या आठवड्यात तो राहिलेला सामना झाला. मी धावफलक उतरवून मांजर्लीला गेले. मामाची खाट अजून खिडकीशीच आहे. तिच्यावर बसवेना, म्हणून खाली बसून दोन्ही बाजूंच्या बेरजा केल्या. जुळल्या. मी शाईने लिहायला घेतलं. मामी मेथी निवडत होती. इतक्या वर्षांत तिने क्रिकेटचं एक अक्षर विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "कोण जिंकलं?"

तिचा चेहरा पाहून क्षणभर वाटलं, मुंबई म्हणावं.

"मुंबई हरली, मामी."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. खाटेकडे बघून हळूच म्हणाली, "ऐकलंत का... हरले."