गेटवरची हिरवी टिक

"म्याडम, हे पोरगी माझे पाहुणे पळवून राह्यली. तुमी फक्त पुरावा काढून द्या."

माझ्या ऑफिसात मी खुर्चीत बसायच्या आधीच गजाननभाऊ सुरू झाले. ताडोब्याच्या जंगलालगत त्यांचं रिसॉर्ट. पोरगी म्हणजे कविता, पोंभुर्ण्याची, तिथली मॅनेजर. मी चंद्रपुरात वेबसाइटचं ट्रॅकिंग लावून देते. म्हणजे जाहिरात पाहून आलेल्यांपैकी किती जणांनी खरंच बुकिंग केलं, ते मोजायचं. अशा बुकिंगला आम्ही कन्व्हर्जन म्हणतो.

रिपोर्टमध्ये कन्व्हर्जन भरभरून, आणि खोल्या निम्म्या रिकाम्या. भाऊंनी निकाल लावून टाकला होता. रिपोर्टमधले उरलेले पाहुणे कविता तिच्या बहिणीच्या होमस्टेत धाडते, आणि पुरावा मिळाला की तिला काढायचं. खरं सांगते, मलाही ती पोर खटकली होती. ट्रॅकिंग लावायला गेले तेव्हा काही विचारलं की आधी भाऊंच्या तोंडाकडे बघायची.

"पाहुण्यांचे नाव-नंबर जाहिरातवाल्या कंपनीले पाठवा. कोण कुठी गेला, कळते मंग."

"पाहुण्याला न विचारता नंबर पाठवता येत नाही, भाऊ. कायदा आहे."

"त्याले काय समजते?"

"मला समजतं ना!"

भाऊंनी डोळे बारीक केले. "तुमी तिच्या ओळखीच्या तर नाई?"

असं डोकं फिरलं माझं! पण काम अर्धवट सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच रिसॉर्टवर गेले.

गेटवर माझ्यापुढे एक कुटुंब सफारीहून परतलं होतं. वॉचमन म्हणाला, "पेज दाखवा." गृहस्थाने मोबाइलवर लिंक उघडली. हिरवी टिक, खाली 'धन्यवाद, आपलं बुकिंग झालं आहे'. मग गेट उघडलं.

"अहो, सकाळी जाऊन आलो ना आत्ता! काल पण दाखवलं होतं," गृहस्थ वैतागले.

"भाऊचा आर्डर हाय. गाडी जितक्यांदा आत येईन, तितक्यांदा पेज पाहाचं. कविता म्याडम बिनबुकिंगची माणसं घुसवते, असं भाऊ म्हणते."

अगं बाई! आमचा मोजणारा कोड त्याच पेजवर बसवलेला होता. पेज उघडलं की एक बुकिंग. मी त्या गृहस्थांना विचारून तीच लिंक माझ्या मोबाइलवर घेतली आणि पुन्हा पुन्हा उघडली. रिपोर्टमधला आकडा वाढत गेला. खोलीत नवीन कोणीच आलेलं नव्हतं.

मग मी प्रत्येक बुकिंगला स्वतंत्र क्रमांक जोडला. पेज कितीदाही उघडा, तो क्रमांक एकदाच मोजला जातो. वेबसाइटवर आधी परवानगी विचारली जाते. 'नको' म्हणणाऱ्याची नोंद जाहिरातवाल्यांकडे जात नाही. नाव-नंबर तर कुणाचेच जात नाहीत.

आता रिपोर्ट प्रत्यक्ष बुकिंगपेक्षा थोडा कमीच दिसू लागला.

"हे कमी कोणं केले?" भाऊ.

"नको म्हणणाऱ्यांनी. कवितानं नाही. आणि आधीची जास्तीची बुकिंगं तुमच्या गेटनं केली होती."

भाऊंनी कविताला बोलावलं. "थोडा गैरसमज झाला होता. जा, कामाले लाग."

कवितानं चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. तेव्हा पहिल्यांदा ती भाऊंकडे न बघता बोलली. "मले समदं ठाऊक होतं, भाऊ. वॉचमनच सांगे. मी चालली. बहिणीच्या होमस्टेत माणूस पाहिजे."

जुने पाहुणे आता तिला विचारत तिकडेच जातात. भाऊंचा रिपोर्ट मात्र अगदी बरोबर येतो. माझा धडा एवढाच की कोड नीट करता येतो, मालक नाही.