आधी टाच, मग दूध

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूला घरी होते. पळसदरीला पोचले, तर तिला आंघोळ घालायला बायका पुढे होईनात. झोपेत हृदय थांबलं होतं, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण अंगणात कुजबुज वेगळीच. पायाचं ते पुन्हा उठलं असेल... शेवटी मी आणि तिच्या सुनेनं, रंजनानं, पाणी घातलं. पायाचं 'ते' काय होतं, हे म्हणूनच लिहितेय. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे. अर्धवट ऐकलेलं पुढे जाऊ देणार नाही.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या टाचेवर मोठा फोड आला. मध्ये काळा, कडेनं लालभडक. अंगात ताप, जांघेत गाठ. कुणीतरी महारोग म्हणालं आणि शेजारच्या सखूबाईनं आत्याकडून दूध घेणं बंद केलं, मग बाकीच्यांनीही. आत्याचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं. मी तिला कर्जतला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी जनावर आहे का, असं त्यांनी विचारताच आत्या माझ्याकडे वळली. "पाय माजा हाय, आन् हा म्हशीची चौकशी करतोय. इकत घ्यायची असंल याला." म्हशीच्या सडांवर फोड आले होते, हे तिनं सांगितलंच नाही, मी सांगितलं. म्हशीच्या देवी माणसाला होतात, डॉक्टर म्हणाले, पण बहुतेक हाताला. टाचेला कशा, हे त्यांनाही कळेना. ते मला गोठ्यात कळलं. धार काढताना सडांना लावलेलं खोबरेल बोटांना उरायचं; ते आत्या टाचांच्या भेगांत चोळायची, वाया जाऊ नये म्हणून! तपासणीत देवीच निघाल्या. फोड हळूहळू आपोआप सुकला.

मी सखूबाईला सगळं समजावलं. ती म्हणाली, "शिकलीस गं तू, पन घरच्यांचंच बोलशील ना?"

आत्या भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध मापायच्या आधी ती पायरीवर चप्पल काढून टाच पुढे करू लागली. "आदी बघ. मंग भांडं धर." गिऱ्हाईक परतलं. टाच कधीच गुळगुळीत झाली, तरी तिचं दाखवणं सुटलं नाही. मला राग यायचा. बस कर म्हटलं, तर म्हणायची, "मी इसरले की ते बोलतील."

आत्याच्या माघारी, गेल्या आठवड्यात पळसदरीला गेले होते. रंजना धार काढून बाहेर आली. सखूबाई भांडं घेऊन पायरीशी उभी होती; तिची नजर खाली गेली. मी काही बोलणार... तोवर रंजनानं चप्पल काढली होती. सखूबाईनं वाकून दोन्ही टाचा नीट बघितल्या आणि मग भांडं पुढे केलं.